तक्रारीच्या फॉर्मवरचे आभार

लॉ कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा पुढच्या तीन बाकांवरची मुलं उभी राहिली. मला वाटलं, माझ्या मागून कुणी सर येतायत, म्हणून मीही दाराशी अंग चोरून उभी राहिले. थोडा वेळ आम्ही सगळेच एकमेकांचा मान राखत उभे होतो. मग एका मुलीने विचारलं, मॅडम, अटेंडन्स आत्ता घेणार का? तिसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसणाऱ्या बाईला लोक काय समजतात ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, मीपण तुमच्यासारखीच नवीन आहे. मुलं बसली. दोघांनी सॉरी म्हटलं, मी त्यांना थँक्यू म्हटलं. मी कुणालाही कशालाही थँक्यू म्हणते. बसच्या कंडक्टरला तर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा.

त्याच दिवशी हॉलमध्ये सगळ्या नव्या मुलांना एकेक निळी फाईल मिळाली. पुढे एक मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होत्या: ही पुस्तक पेढी, इथे वर्षभरासाठी पुस्तकं मिळतात. हे समुपदेशन केंद्र, मन जड झालं तर इथे यायचं. हे विधी सहाय्य केंद्र, हा प्लेसमेंट कक्ष, ही अँटी-रॅगिंग समिती. ज्यांना दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लेखनिकाची सोय. अशा आणखी तीन सोयी. प्रत्येकाचा एकेक फॉर्म फाईलमध्ये होता. एकूण नऊ. शेवटी मॅडम म्हणाल्या, हे सगळं तुमच्यासाठी आहे.

बाकीच्या पोरांनी फाईल बॅगेत कोंबली. माझ्या शेजारच्याने फाईलनेच वारा घेतला. मी मात्र मॅडमचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. आमच्याकडे कुणी 'हे तुमच्यासाठी' म्हणून ताटात वाढलं, तर ते टाकून उठत नाहीत.

फॉर्मचं आणि माझं जुनं आहे, ते इथेच सांगते. माझं गाव हिंगोलीकडचं. गावातली शाळा आठवीपर्यंत. नववीला तालुक्याला जायचं तर मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म भरायला लागायचा. तो माझ्या बाबांनी भरला. त्यात एक चौकट होती, 'पालकाचा व्यवसाय'. बाबा लग्नसराईत बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, पावसाळ्याच्या तोंडावर छपरं शाकारायचे, मधल्या दिवसांत कुणी बोलावेल तिथे जायचे. आता यातलं काय लिहावं म्हणून त्यांनी दोन दिवस विचार केला आणि चौकट रिकामी सोडली. फॉर्म परत आला. वर लाल शाईत एकच शब्द, 'त्रुटी'. तो दुरुस्त होईपर्यंत जागा भरल्या, आणि माझी शाळा आठवीत संपली. बाबा अजून म्हणतात, क्लॅरिनेट लिहायला पाहिजे होतं. तेव्हापासून मी कुठल्याही फॉर्ममधली कुठलीही चौकट रिकामी सोडत नाही. एका बँकेच्या फॉर्मवर 'कार्यालयीन उपयोगासाठी' असं छापलेलं होतं, तिथेसुद्धा मी 'धन्यवाद' लिहून आले होते.

पुढे मुंबईला आले, परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात मावशी म्हणून लागले, लालबागच्या रात्रशाळेतून दहावी केली, बारावी केली, लॉची प्रवेश परीक्षा दिली. हे एका वाक्यात लिहिलं, पण त्याला अकरा वर्षं गेली. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून वॉर्ड, असं आता ठरलं होतं. त्यामुळे एवढ्या लांबून, एवढ्या उशिरा मिळालेला प्रवेश एखाद्या रिकाम्या चौकटीपायी जाईल, ही धास्ती मला त्या हॉलमध्येच लागली.

हॉलमधून बाहेर पडल्यावर सगळे पांगले आणि मी जिन्याशी फाईल छातीला धरून उभी राहिले. तिथे मला ती सीनियर भेटली. चौथ्या वर्षाची, शीव कोळीवाड्याची, आई मासळी बाजारात बसते. आवाज असा की हॉलमधला माईक तिच्यासमोर कुजबुजतोय असं वाटावं. नव्या मुलांना मदत करायला तिला नेमलं होतं आणि तिने ते फारच मनावर घेतलं होतं. मी तिला मॅडम म्हटलं, तिने मला ताई म्हटलं आणि सरळ माझा हात धरला.

आधी तिने मला तिसऱ्या मजल्यावर लायब्ररीत नेऊन कार्ड काढून दिलं. मग कँटीनमध्ये बसवलं. मी नको नको म्हणत होते, तरी दोन वडापाव संपवायला लावले. मग एका रिकाम्या वर्गात नेलं, हायकोर्टाचा एक इंग्रजी निकाल समोर ठेवला आणि म्हणाली, मोठ्याने वाच. मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, एक पान होईपर्यंत इथून कुणी हलायचं नाही. मग मी वाचलं. दर ओळीला अडखळले. ती मागून एवढंच म्हणत होती, जोरात, ताई, जज बहिरा आहे असं समज. तिचे दोन मित्र शेवटच्या बाकावर डबा खात बसले होते. पान संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. माझ्या वाचण्याला जन्मात कुणी टाळी वाजवलेली नव्हती.

लालबागला मी एका मालवणी काकींच्या खोलीत राहते. काकींचे मालक गिरणीत होते, आता नाहीत. काकी मला भाडेकरू म्हणून ठेवतात आणि पोरीसारखं ओरडतात. त्या रात्री ड्यूटीवरून आल्यावर मी जमिनीवर बसून नऊच्या नऊ फॉर्म भरले. काकी मटार सोलत बाजूला बसून लक्ष ठेवत होत्या, अक्षर बरा काढ, असं मधून मधून सांगत होत्या.

आठ फॉर्म सुरळीत झाले. नववा अँटी-रॅगिंग समितीचा तक्रार अर्ज होता. रॅगिंग म्हणजे काय हे मला माहीत होतं, आणि माझी काही तक्रार नव्हती हेही माहीत होतं. पण फॉर्म दिलाय तर कोरा कसा द्यायचा? तेव्हा मला आमच्या वॉर्डातली वही आठवली. नर्सच्या टेबलापाशी सुतळीला बांधलेली 'तक्रार व सूचना' वही असते. तिच्यात निम्म्याहून जास्त लोक आभारच लिहितात. 'तक्रार काही नाही. डॉक्टर देव आहेत.' 'तक्रार नाही, फक्त चहा गार असतो, बाकी सिस्टर चांगल्या.' रत्नागिरीच्या एका आजोबांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'अकरा नंबरच्या मावशी दिवसातून चार वेळा विचारून जातात.' मेट्रनने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. त्या पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. तर आमच्याकडे चांगलं लिहायची जागा ती, तक्रारीची वही. दुसरी कुठली असते हे मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून 'संबंधित सीनियर विद्यार्थ्याचे नाव' इथे मी तिचं पूर्ण नाव लिहिलं. 'घटनेचे वर्णन' या चौकटीत रात्रशाळेत शिकवलेल्या अर्जाच्या भाषेत लिहिलं:

'सदर मॅडमनी मला हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर नेले. मी नको म्हणत असता बळेच खाऊ घातले. नंतर रिकाम्या वर्गात नेऊन इंग्रजी मोठ्याने वाचायला लावले व एक पान होईपर्यंत उठू दिले नाही. त्यांचे दोन मित्र मागे बसून टाळ्या वाजवत होते. मला रडू आले. हा दिवस मी जन्मभर विसरणार नाही.'

'साक्षीदार' इथे त्या दोन मित्रांचं वर्णन. आणि 'अपेक्षित कारवाई' इथे मेट्रनची आठवण ठेवून लिहिलं: 'मॅडमचे नाव सर्वांसमोर जाहीर करावे, म्हणजे इतर सीनियरांनाही कळेल.'

मी ते काकींना वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, बरा लिवलंस.

दुसऱ्या दिवशी मी नऊ फॉर्म खिडकीत दिले. क्लार्कने शिक्के मारले आणि कुठेही त्रुटी म्हटलं नाही. मी थँक्यू म्हणून आले.

मग सोयी सुरू झाल्या. पुस्तक पेढीने पाच जाड पुस्तकं दिली. ती मी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या पिशवीत घालून घरी नेली, तर काकींना वाटलं मी कुणाची चादर चोरली. प्लेसमेंट कक्षाने पहिल्याच आठवड्यात मुलाखतीचा सराव घेतला. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असं विचारलं. मी म्हटलं, पास झाले तर बाहेर, नाहीतर इथेच. लेखनिकाच्या फॉर्मवर 'अडचण' अशी चौकट होती, तिथे मी 'अक्षर' लिहिलं होतं, म्हणून चाचणी परीक्षेला एक मुलगी माझ्यासाठी लिहायला येऊन बसली. तिला परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली, आणि पर्यवेक्षक आमच्या दोघींच्या चारी धडधाकट हातांकडे बघत राहिले.

समुपदेशन केंद्रातून वेळ आली तेव्हा तर पंचाईतच झाली. मॅडम म्हणाल्या, बोला. माझ्याकडे त्या दिवशी काहीच अडचण नव्हती. गप्प बसून त्यांचा वेळ वाया घालवायला नको म्हणून मी विचारलं, तुमचं कसं चाललंय? त्या अर्धा तास त्यांच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या. निघताना म्हणाल्या, बरं वाटलं. मला पण बरं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात सोयी जरा जास्तच झाल्या. कँटीनमध्ये मी बसले की समुपदेशनवाल्या मॅडम येऊन शेजारी बसायच्या आणि आज कसं वाटतंय म्हणून विचारायच्या. ऑफिसातून फोन आला की तुमची बाब आम्ही गांभीर्याने घेतली आहे, तुम्हाला पूर्ण संरक्षण आहे, शुक्रवारी अडीचला समितीसमोर या. मला वाटलं, आभाराचा कार्यक्रम असणार. गेटवरचा वॉचमन रोज माझ्या मागून चार पावलं अंतर ठेवून बस स्टॉपपर्यंत यायचा आणि बस हलेपर्यंत उभा राहायचा. मी त्यालाही एक सोयच समजले. नक्की कुठल्या फॉर्मवरची ते काही आठवेना.

फक्त सीनियर कुठे दिसत नव्हती. एकदा जिन्यात दिसली तर मान फिरवून वर गेली. अभ्यासात असेल, म्हटलं.

गुरुवारी कँटीनमध्ये तिचे ते दोन मित्र दिसले. मला बघताच चहा अर्धा टाकून उठले. मी मागे गेले आणि विचारलं, मॅडम बऱ्या आहेत ना? त्यातला एक आधी इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, तुमच्याशी बोललो तर आम्हीपण लटकू. तुम्हीच तक्रार केलीत ना?"

मग त्याने जिन्याखाली उभं राहून भराभर सांगितलं. शनिवारी मूट कोर्टाची स्पर्धा होती. मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटीचा खटला. केस खोटी, जज तात्पुरते, पण घाम खरा. कॉलेजच्या टीममध्ये बोलणारी मुख्य ती होती. चार महिने तिने त्याची तयारी केली होती. पण जिच्यावर रॅगिंगची चौकशी चालू आहे तिला कॉलेजतर्फे उभं करता येत नाही, असा नियम. टीमची नावं शुक्रवारी चार वाजेपर्यंत पाठवायची होती. तिच्या जागी ज्या मुलाला घेणार होते तो जजसमोर उभा राहिला की स्वतःचं नावही विसरायचा. तो मुलगा म्हणजे हा बोलणाराच होता.

"मी मेलो, ताई," तो म्हणाला.

मी तिथेच पायरीवर बसले. पहिला विचार, खरं सांगते, माझ्या प्रवेशाचा आला. खोटी तक्रार केली म्हणून मला काढतील. दुसरा विचार तिचा आला आणि मग पहिल्याची लाज वाटली. मी धावत समुपदेशनवाल्या मॅडमकडे गेले, पण त्या म्हणाल्या की आता तिला भेटू नका, फोन करू नका, ते दबावासारखं दिसतं. जे सांगायचं ते समितीसमोर. मी सांगायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, घाबरून माघार घेऊ नका.

संध्याकाळची ड्यूटी कशी केली मला माहीत नाही. एका पेशंटला दोनदा जेवण दिलं. त्याने काही तक्रार केली नाही. घरी गेल्यावर काकींनी माझं तोंड बघितलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"रडतंस कित्याक? कागद चुकलो तर तोंड आसा मां तुका? उद्या जाऊन तोंडान सांग," काकी म्हणाल्या.

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला, पदर खोचला आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणात देवाला अडचण सांगायची ती अशी, उभ्याने, मोठ्याने, वकिलासारखी. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान चुकीच्या कागदार चांगला लिवल्यान हा. ता वाचणाऱ्यांका बरी बुद्धी दी रे म्हाराजा." पाठोपाठ 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. खोलीत मी एकटीच होते, म्हणून फिर्यादी पण मी आणि व्हय म्हाराजा म्हणणारी पण मीच.

शुक्रवारी वॉर्डातल्या एका मैत्रिणीशी पाळी बदलून अडीचला प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. लांब टेबल होतं. मधे प्राचार्य मॅडम, बाजूला एक सर, समुपदेशनवाल्या मॅडम, कोपऱ्यात क्लार्क. आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून फणसवाडीचे एक काका. या काकांना समितीवर येऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत एकही तक्रार आलेली नव्हती, हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. आज ते इस्त्रीचा शर्ट घालून, नवीन पेन घेऊन आले होते. समोर कोरी वही उघडी होती. भिंतीलगतच्या खुर्चीत सीनियर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

प्राचार्य मॅडमनी माझा फॉर्म वाचून दाखवला. मी घरी वाचला होता तेव्हा तो किती गोड वाटला होता. इथे प्रत्येक वाक्याला खोली आणखी गार होत गेली. 'रडू आले' वाचल्यावर समुपदेशनवाल्या मॅडमनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

मग काकांनी प्रश्न सुरू केले. बळेच खाऊ घातलं म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, वडापाव. किती? दोन. मुद्दाम तिखट दिला होता का? मी म्हटलं, नाही साहेब, चटणी मी स्वतः मागून घेतली. त्यांनी ते लिहून घेतलं. टाळ्या किती वेळ वाजवल्या? मी म्हटलं, थोड्याच, त्यांच्या हातात डबा होता. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, यातला शब्दन् शब्द खरा आहे ना? मी म्हटलं, हो. सीनियरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. काकींचं वाक्य आठवलं आणि मी उभी राहिले.

"मॅडम, ही तक्रार नाहीये. हे आभार आहेत."

 मग मी वॉर्डातल्या वहीचं सांगितलं, सुतळीचं सांगितलं, रत्नागिरीच्या आजोबांचं सांगितलं, मोबाईलमधला फोटो टेबलावर फिरवला. वसतिगृहाच्या फॉर्मचंही सांगितलं. प्राचार्य मॅडमनी सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं की मग आभाराच्या फॉर्मवर का नाही लिहिलंत. मी म्हटलं, मॅडम, फाईलमध्ये नऊ फॉर्म आहेत, आभाराचा एकही नाही. क्लार्कने तेवढ्यात एक फाईल काढून खरंच तपासली आणि मान हलवली.

पण फणसवाडीचे काका सहा वर्षं थांबलेले होते. ते म्हणाले, बाई दबावाखाली बोलत असतील तर? हे असंच होतं, आदल्या दिवशी माघार. मी जितकं सीनियरबद्दल चांगलं बोलले, तितके ते जास्त जोराने मान डोलवत लिहीत गेले. तिने मला कार्ड काढून दिलं म्हटलं, त्यांनी लिहिलं 'कार्ड'. तिचा आवाज मोठा आहे म्हटलं, त्यांनी त्याखाली रेघ मारली. प्राचार्य मॅडम घड्याळ बघायला लागल्या. तीन पंचवीस.

शेवटी मला दुसरं काही सुचेना. मी विचारलं, मी वाचून दाखवू का? म्हणजे तिने काय करायला लावलं ते तुम्हीच बघा. मॅडमनी टेबलावरचा हाताला आला तो कागद दिला. तो नेमका रॅगिंगचाच इंग्रजी नियम होता. मी वाचायला लागले.  दुसऱ्या ओळीत एवढा लांब शब्द आला की त्याच्या मध्यावरच माझा श्वास संपला आणि आवाज पार खाली गेला.

"जोरात, ताई," भिंतीकडून आवाज आला.

"हा बघा दबाव," काका म्हणाले.

पण मी तोवर जोरात वाचायला लागले होते. जज बहिरा आहे असं समजून वाचलं. तो शब्द तीन तुकड्यांत काढला, पण काढला. पान संपलं तेव्हा केबिनच्या दाराशी शिपाई येऊन उभा होता, आत कुणाचं भांडण चाललंय ते बघायला. समुपदेशनवाल्या मॅडमनी आधी टाळी वाजवली. मग सरांनी. काकांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं, पेनचं टोपण लावलं, आणि मग त्यांनीही वाजवली. प्राचार्य मॅडम त्यांना म्हणाल्या, किती वेळ वाजवली ते पण लिहून ठेवा. ते हसले, पण जरा उदास झाले. एवढी एकच तक्रार आली होती, तीही अशी निघाली.

आता तीन अडतीस. तक्रार मागे घेतल्याचा अर्ज माझ्या हाताने भरायला हवा होता. क्लार्कने तो पुढे ठेवला. मी भराभर भरत गेले. नाव, वर्ष, तारीख, कारण. कारणाच्या जागी 'तक्रार नव्हतीच' लिहिलं. शेवटी एक चौकट होती, 'सदर विद्यार्थ्याविरुद्ध अन्य तक्रार असल्यास'.

पेन तिथेच थांबला. क्लार्क म्हणाला, ते सोडून द्या. मी म्हटलं, सोडून कसं देऊ? काहीतरी लिहायला लागेल ना. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, नका लिहू, कृपा करून आणखी काही लिहू नका. मला कळत होतं. हात ऐकत नव्हता. मला ती लाल शाई दिसत होती. 'नाही' लिहू का म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, 'नाही' असं लिहिलं तर काय नाही ते पण लिहायला लागेल. दुसऱ्या खोलीत टीमची यादी तयार पडली होती. चारला चौदा मिनिटं कमी.

सीनियर उठून टेबलापाशी आली. आठवड्याभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. या वेळी तिचा आवाज एवढा खाली होता की तो तिचाच आहे का, असं वाटलं.

"ताई, रिकामं ठेव. काही होत नाही. मी आहे ना इथे."

मी चौकट रिकामी ठेवली. खाली सही केली. क्लार्कने कागद वरपासून खालपर्यंत बघितला. त्याची नजर त्या चौकटीवर पोचली. त्याने शिक्का मारला. निळ्या शाईत. मी विचारलं, त्रुटी नाही ना? तो म्हणाला, नाही. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नाही हो, मावशी. तोवर सीनियर दुसऱ्या खोलीत पोचली होती आणि जिन्यात तिचा तो मित्र देवाला हात जोडत होता.

शनिवारी स्पर्धेला मी शेवटच्या रांगेत बसले होते. ती उपांत्य फेरीत हरली. तिथल्या जजना तिचा आवाज जरा जास्त वाटला. मी मात्र तिचं बोलणं चालू असतानाच मधे टाळ्या वाजवल्या आणि जजनी मला बाहेर काढायची तंबी दिली. चहा पिताना ती म्हणाली की आता तुझी तक्रार मी करणार, आणि 'अपेक्षित कारवाई' इथे लिहिणार, 'रोज एक पान मोठ्याने वाचावे'. तेव्हापासून रोज सकाळी पहिल्या तासाआधी मी त्या रिकाम्या वर्गात एक पान वाचते.

समितीने ऑफिसातल्या सगळ्यांना कळवलं की प्रकरण मिटलं. वॉचमनला कळवायचं राहून गेलं. तो अजून माझ्या मागून चार पावलं अंतर ठेवून बस स्टॉपपर्यंत येतो. एक-दोनदा त्याला खरं सांगावं असं मनात आलं होतं, पण बस हलली की तो हात करतो, आणि मी खिडकीतून थँक्यू म्हणते.